होटगीच्या वळणावरची बुलेट

१

डॉक्टर गेल्याची बातमी आली तेव्हा धर्मपाल मिस्त्रीच्या हातात त्यांच्याच बुलेटचे जुने ब्रेक लायनर होते. आदल्या संध्याकाळी काढलेले, झिजून गुळगुळीत झालेले. भंगाराच्या डब्यात टाकावेत म्हणून त्याने उचलले, तेवढ्यात कंपाउंडर मानसिंगने गॅरेजच्या दारात सायकल आडवी टाकली.

"धर्मादा, डागदर गेले! होटगीच्या फुडं, वड्याच्या पुलावरनं गाडीसकट खाली. लोकं म्हंत्यात, बिरीक लागला न्हाय."

लायनर डब्यात पडले नाहीत. धर्मपालच्या मुठीतच राहिले.

शिवपुत्र डॉक्टर म्हणजे गुरांचे डॉक्टर. बिऱ्हाड सोलापुरात, दवाखाना मैंदर्गीला. जाऊन-येऊन शंभर किलोमीटरची वाट. बाकीचे सरकारी लोक त्या वाटेने एस.टी.ने जात, नाहीतर तिथेच खोली घेत. डॉक्टरांनी साडेतीनशे सीसीची काळी बुलेट घेतली. चौऱ्याहत्तर साल, पेट्रोलचा भडका उडालेला, कचेरीतले लोक हसले, "गाईला सुई टोचायला रणगाडा कशाला हो?" डॉक्टर म्हणाले, "गाय आडली की ती यष्टीची वाट बघत न्हाय." आठवडाभर नोकरीची वाट आणि दिवाळीत लांबची फिरती. एका दिवाळीत गोवा, एका दिवाळीत हैदराबाद. मैंदर्गीच्या बायका जात्यावर त्यांच्या गाडीची ओवी गात:

धडधड वाजं गाडी, शिवंच्या गं पल्याड,
माझ्या कपिलेचा वैद आला, उघडा गं कवाड.

ती धडधड आता ओढ्यात पडली होती. धर्मपाल पोचला तेव्हा ऊन चांगलेच वर आले होते. रस्ता तिथे एकदम वळतो आणि वळणाच्या तोंडावरच पूल. कठड्याचे दोन दगड उडालेले. खाली कोरड्या वाळूत बुलेट डाव्या कुशीवर निजलेली, आणि तिच्यापासून पाच पावलांवर, कुणाच्या तरी धोतराखाली, डॉक्टर.

फौजदार हिंदुराव पंचनामा सांगत होते, शिपाई लिहून घेत होता. "मयताच्या वरच्या खिशात पेन एक. कंगवा एक. काळा चष्मा एक, डबीत, शाबूत." मग त्यांनी लोकांकडून बुलेट उभी करवली आणि तिचा ब्रेक पायाने दाबून पाहिला. पेडल पडताना वाकून आत गेले होते, ते हलेना. फौजदारांनी मान वर केली.

"ह्या गाडीच्या ब्रेकचं काम शेवटचं कुणी केलं?"

मुठीतले लायनर धर्मपालच्या तळव्यात रुतले.

"म्या केलं, साहेब. काल सांजच्याला."

२

डॉक्टरांना त्याच संध्याकाळी लिंगायत रीतीने माती दिली. बसल्या आसनी, कपाळाला विभूती, गळ्यात फुलांचे हार. झोप लागलेल्या माणसासारखे शांत. धर्मपाल लांब, एका बाभळीला टेकून उभा होता. गॅरेजसाठी जागा मिळेना तेव्हा आपल्या ओळखीवर ती मिळवून देणारा हा माणूस. "धर्माच्या हातचं काम म्हणजे मी डोळे झाकून बसतो," असे चार लोकांत सांगणारा.

माती देऊन लोक परतू लागले तसा हरिदास त्याच्यासमोर आला. हरिदास एस.टी.चा ड्रायव्हर, डॉक्टरांचा शाळेपासूनचा मित्र. अंगात खाकी, छातीवर चौदा वर्षांत एकही अपघात न केल्याचा पितळी बिल्ला. डाव्या हाताला पांढरी पट्टी. डोळे लाल.

"ज्येनं बशिवलेला बिरीक तीन-तीनदा दाबून बी लागत न्हाय," तो भर गर्दीत ओरडला, "त्येनं पाना हातात धरावा कशाला? माझा सोन्यासारका दोस्त खाल्लास, धर्मा!"

कुणी हरिदासला आवरले नाही. त्या रात्री दोन गिऱ्हाइकांनी अर्धवट उघडलेल्या गाड्या गॅरेजमधून ढकलत नेल्या. धर्मपालने अडवले नाही. तो कंदिलापाशी बसून आपले हात बघत होता. ग्रीस बसलेली नखे, पान्याने घट्टे पडलेली बोटे. एखादी पिन बसवायची राहिली असेल का? एखादा नट? आठवून आठवून त्याने ते काम मनात दहा वेळा खोलले आणि दहा वेळा जोडले. दहाही वेळा ते बरोबर बसत होते. पण माणूस तर मेला होता.

सोमवारी सकाळी फौजदारांचा शिपाई निरोप घेऊन आला. "साहेबांनी बुधवारपर्यंतची मुदत दिलीया. मग तुमच्यावर हयगयीनं माणूस मारल्याचा गुन्हा." तो दारात घुटमळला. "आन डागदरांच्या बाईंनी बलिवलंय तुमाला. आत्ताच."

३

महादेवी भिंतीला टेकून बसली होती. समोर डॉक्टरांच्या खिशातल्या वस्तू पाटावर मांडलेल्या. धर्मपाल उंबऱ्याबाहेरच थांबला.

"आत या, मिस्त्री."

"वैनी, माझ्या हातानं जर..."

"त्येच इचारायला बलिवलं." तिचा आवाज कोरडा होता, जसा रडून झाल्यावर होतो. "मला सांगा, काल ऐतवार. दवाखाना बंद. औषधाची पिशवी घरातच हाय. मग पहाटं पहाटं हे मैंदर्गीच्या वाटंला कशाला गेले? इचारलं तर हसले. म्हणाले, फिरतीची तयारी."

"कसली तयारी?"

तिने एक जाड वही पुढे केली. डॉक्टरांची फिरतीची वही. कुठे पेट्रोल मिळते, कुठल्या घाटात पाणी लागते, कुठल्या गावात कोण ओळखीचे, सारे त्यात. शेवटच्या पानावर जांभळ्या शाईत लिहिले होते: *दिवाळी. कन्याकुमारी. दोघं. आळीपाळीनं चालवायची.*

"दुसरा कोण?"

"सांगितलं न्हाय. म्हणाले, ठरलं की सांगतो. गोव्याला मानसिंग गेलता, हैदराबादला सुभेदार सिद्धप्पा. हरिदासभाऊजी दर वरसाला म्हणायचे, मला न्या की. आता ह्या तिघांतलाच कोन तरी आसंल."

तिने पाटावरची चष्म्याची डबी उघडली. काळा चष्मा आत घडी घालून ठेवलेला, काचेवर ओरखडासुद्धा नाही.

"आणि ह्ये बघा. वारं लागलं की त्यांच्या डोळ्यांतनं पानी वाहायचं. चष्म्याबिगर ते गाडी गल्लीच्या तोंडापतुर न्हेत नव्हते. होटगीपर्यंत उघड्या डोळ्यानं कसे गेले?"

धर्मपालने डबी हातात घेतली, पण त्याला ती दिसत नव्हती. त्याला बुलेट दिसत होती, आणि तिच्यावर पुढच्या माणसाच्या पाठीच्या आडोशाला, मागच्या सीटवर निवांत बसलेले डॉक्टर. वारा पुढच्याला लागत होता. मागच्याला चष्मा कशाला लागतो?

त्याने डबी पाटावर परत ठेवली.

"वैनी," तो हळूच म्हणाला, "गाडी डॉक्टर चालवत नव्हते."

४

पोलीस ठाण्याच्या आवारात लिंबाखाली बुलेट उभी केली होती. बैलगाडीतून आणलेली, अंगावर अजून ओढ्याची वाळू. फौजदार हिंदुराव खुर्ची घेऊन समोर बसले.

"तुला हात लावू देतोय ते माझ्या डोळ्यांसमोर म्हणून. काय लबाडी केलीस तर त्या लिंबालाच बांधीन."

धर्मपालने डाव्या बाजूला बसकण मारली. दोन दिवसांत पहिल्यांदा हातात पाना घेतला. हात इतका कापत होता की पाना नटावर बसेना. अखेर ब्रेकचे वाकलेले पेडल सुटले. त्याने ते दगडावर ठोकून सरळ केले, परत बसवले, मागचे चाक हाताने गरागरा फिरवले आणि पेडल दाबले.

चाक जागच्या जागी थिजले.

पुन्हा फिरवले, पुन्हा दाबले. पुन्हा थिजले. धर्मपालच्या गालावरून पाणी वाहून मिशीत उतरले, ते त्याने खांद्याला पुसले.

"ब्रेक लागतोय," फौजदार खुर्चीतून उठले. "मग लागला का न्हाय?"

"कुणी दाबलाच न्हाय, साहेब."

तो आता उजव्या बाजूला गेला. तिथला गिअरचा दांडा खाली वाकलेला होता, एखाद्या जड पायाने जीव खाऊन दाबल्यासारखा. पण गाडी तर डाव्या कुशीवर पडली होती. उजवी बाजू आभाळाकडे. मग हा दांडा वाकवला कुणी? त्याने चाक हलवत हलवत दांडा हाताने वर उचलला. खट. आणखी वर. खट. आणखी. खट. त्याचे बोट थांबले.

"साहेब, गाडी चौथ्या गिअरला हुती. दांडा तीनदा उचलला तवा पहिला आला."

"मग?"

"त्या वळणावर साऱ्या दुनियेला दुसरा गिअर लागतो. चौथ्यात तितनं कोन जातंय?"

फौजदारांनी टोपी काढली, डोके खाजवले. "म्हणजे कुणी मुद्दाम मारलं म्हणतोस?"

धर्मपालला एकदम मातीच्या वेळचे ते शब्द आठवले. रडत, ओरडत, भर गर्दीत फेकलेले शब्द. त्याने पाना खाली ठेवला.

"आजून सांगत न्हाय, साहेब. माझ्या तोंडून नाव गेलं आन खोटं निघालं, तर मी बी माझ्यावर आळ घेणाऱ्यासारकाच हुईन. मला तिघांना भेटू द्या."

५

मानसिंग दवाखान्याच्या ओट्यावर औषधाच्या बाटल्या धूत होता. एरवी दवाखान्याला तो डॉक्टरांच्या मागे बसून येई. आता एस.टी.त उभ्याने धक्के खात आला होता.

"मी? आन बुलेट चालिवणार?" त्याने कपाळावर हात मारला. "धर्मादा, गोव्याच्या वाटंला डागदरांनी येकदा दिली, तर म्या दोन्ही हातांनी दोन्ही मुठी आवळल्या आन दोघं बी काजूच्या झाडात. सायकलच बरी बाबा. ऐतवारी? ऐतवारी पहाटं म्या सासुरवाडीला, मंगळवेढ्याला; सकाळच्या यष्टीनं परत आलो तर स्टँडवरच ही बातमी. इचारा की."

सुभेदार सिद्धप्पा फौजेतून निवृत्त. लढाईत निरोप्याचे काम करताना त्यांच्या ढुंगणाखाली बुलेटच होती आणि आजही होती. ते अंगणात तिला बायकोसारखे पुसत होते.

"मी डॉक्टरला बोललेलो, तुझी गाडी मला इक. हौदू, व्हय, मागितलेली. म्हणून मी मारीन?" मिशी थरथरली. "मैंदर्गीच्या बाजारात ऐतवारी बैल बघत होतो. चार माणसं सांगतील. आणि मिस्त्री, बुलेटवाला त्या वळणावर मरत न्हाय. बुलेटवाल्याचा पाय झोपेत बी चुकत न्हाय."

"तेच मला बी वाटतंय, सुभेदार. तुमची गाडी उद्या सांजच्याला घटकाभर द्याल?"

हरिदास स्टँडच्या कँटीनमध्ये चहा पीत होता. धर्मपालला बघून त्याने तोंड फिरवले.

"हाताला काय झालं, हरिदास?"

"रेडिएटरचं झाकण उडालं. तुला काय त्येचं?"

"दिवाळीत कन्याकुमारीला जानार होतास म्हन डॉक्टरांबरूबर."

"दिवाळीत यष्टीवाल्याला रजा कोन देतंय? तुला ठावं न्हाय व्हय, आमची दिवाळी स्टिअरिंगवरच." त्याने कप आपटला. "बुधवारी तुला बेड्या पडतील तवा म्या शिरा वाटीन, धर्मा. माझा दोस्त गेलाय. तुझ्या बिरकानं गेलाय."

तो हे मनापासून बोलत होता. त्याच्या डोळ्यांत लबाडी नव्हती, जळता राग होता. धर्मपाल चक्रावला. खोटे बोलणारा माणूस असा चिडत नाही. मग काय, आपणच चुकतोय की काय?

६

बुधवारी संध्याकाळी गॅरेजसमोरच्या उतारावर सारे जमले. महादेवी नको म्हणत असतानाही आली आणि दारातल्या स्टुलावर बसली. उताराच्या तळाशी बांधकामाची वाळू पडली होती. वर सुभेदारांची बुलेट. इंजिन बंद, गाडी दुसऱ्या गिअरला, पण मोकळी घरंगळावी म्हणून क्लचची मूठ सुतळीने आवळून बांधलेली.

"डॉक्टर कसे पडले ते समजून घ्यायचंय," धर्मपाल म्हणाला. "येकेकानं बसायचं. गाडी आपसूक उतरंल. मधी काय आडवं आलं तर थांबवायची. येवढंच."

पहिले सुभेदार बसले. गाडी घरंगळू लागली, आणि अर्ध्या उतारावर लिंबामागून फौजदार हिंदुराव हातातला दंडा उगारून एकदम आडवे आले. सुभेदारांचा डावा पाय पडला. बुलेट जागेवर.

"वय झालेल्या माणसाला असं भिवडवायचं न्हाय," सुभेदार म्हणाले.

मानसिंगने फौजदार दिसताच डोळे मिटले आणि दोन्ही मुठी आवळल्या. पुढचा ब्रेक करकचून लागला, गाडी थांबली, मानसिंग टाकीवर आदळला. लोक हसले. महादेवीसुद्धा क्षणभर हसली आणि तिने पदर तोंडाशी धरला.

"आता तू, हरिदास."

"मी कशाला? माझा काय समंद?" पण सगळे बघत होते. छातीवर बिल्ला होता. उतारावरून गाडी उतरवायला चौदा वर्षांच्या नोकरीचा ड्रायव्हर नाही म्हणतो, हे शोभले नसते. तो ताठ मानेने बसला.

गाडी निघाली. फौजदार आडवे आले.

खट.

गाडी थांबली नाही.

खट. खट.

फौजदारांनी बाजूला उडी घेतली. बुलेट तशीच घरंगळत गेली आणि वाळूच्या ढिगात नाक खुपसून उभी राहिली. हरिदास पांढराफटक पडला होता. तो मागे वळून ओरडला,

"हिचाबी बिरीक लागत न्हाय!"

फौजदार दंडा सावरत वाळूच्या ढिगापाशी आले.

"हिचाबी?" फौजदार सावकाश म्हणाले. "आणि दुसरी कुठली रे?"

धर्मपाल उतार उतरून हरिदासजवळ गेला. त्याचा आवाज चढला नव्हता.

"माती दिली त्या दिशी तू म्हणालास, तीन-तीनदा दाबून बी लागला न्हाय. किती वेळा दाबला हे मेलेल्या माणसानं तुला सांगितलं व्हय? ते दाबणाऱ्यालाच ठावं. आन डॉक्टरांचा चष्मा डबीत होता, म्हंजी ते मागं होते. मानसिंग घाबरला की हातानं दाबतो. सुभेदारांचा पाय डावीकडं जातो. पर गाडी सापडली चौथ्यात, आन उजवा दांडा खाली वाकलेला. दुसऱ्यातनं येकदा दाबला, तिसरा पडला. परत दाबला, चौथा पडला. मग दांड्याला जागाच उरली न्हाय. तरी तू जीव खाऊन दाबलास, तवा तो वाकला. हरिदास, खाली बघ. तुझा पाय कुटं हाय?"

हरिदासने खाली पाहिले.

त्याचा उजवा पाय गिअरच्या दांड्यावर होता. ब्रेक डावीकडे होता, न शिवलेला.

तो कितीतरी वेळ बघत राहिला. आपलाच पाय प्रथमच बघत असल्यासारखा. चौदा वर्षे त्या पायाने म्हशी, शाळेतली पोरे, जत्रेची गर्दी, सगळ्यांना वाचवले होते. एस.टी.च्या उजवीकडच्या ब्रेकवर दिवसातून हजारदा दाबलेला, न विचारता दाबला जाणारा उजवा पाय.

"न्हाय," तो म्हणाला. मग पुन्हा, अगदी लहान आवाजात, "न्हाय रं."

मग सारे बाहेर आले. वरच्या खिशातून त्याने चौघडी केलेला कागद काढला. दिवाळीची मंजूर झालेली रजा, चौदा वर्षांत पहिली. डॉक्टर त्याला त्या पहाटे शिकवायला घेऊन गेले होते. होटगीपर्यंत स्वतः चालवली, मग चष्मा डबीत ठेवून मागे बसले. "सांगितलं हुतं त्यानं, बिरीक डावीकडं. म्या म्हनालो, शिवा, मला बिरीक शिकवतोस व्हय? वळनावर बैलं आडवी आली. म्या दाबला. दाबला. दाबला. मागनं तो माझी डावी मांडी थोपटत हुता, जोरात. मला वाटलं, भिऊ नगो म्हंतोय."

महादेवीने डोळे मिटले.

"म्या काट्यात फेकलो गेलो, हात फाटला. त्याला हालवलं, तर... मग पळालो. वाटलं, बिरीक धर्माचा गेला. चूक त्येची, मग बिल्ला माझा का जावा? देवाशपत धर्मा, मला खरंच वाटलं तूच मारलास."

फौजदार पुढे सरकले. "उतर खाली."

हरिदासने उतरायचा प्रयत्न केला. डावा पाय जमिनीला लागला. उजवा हलेना. दांड्यावर घट्ट दाबलेला, नडगी थरथरत होती, टाचेत जीव गोळा झाला होता. "निघत न्हाय," तो म्हणाला आणि लेकरासारखा रडू लागला.

धर्मपाल वाळूत गुडघ्यांवर बसला. त्याने आपल्या दोन्ही हातांकडे एकवार पाहिले. ते आता कापत नव्हते. मग त्या हातांनी त्याने हरिदासचा पाय टाचेत धरला, आणि अडकलेला नट सोडवावा तसा, न दुखवता, हळूहळू दांड्यावरून वर उचलला.